पाटीला पॅन नसतो

‘फर्मचा पॅन मिळाला नाही, सबब २० टक्के टीडीएस कपात.’ हे तूच लिहिलंयस ना व्हाउचरच्या पाठीवर? नाही म्हणू नकोस. ‘सबब’ आता सगळ्या रत्नागिरीत तुझ्याशिवाय कोणी लिहीत नाही, आणि तो शब्द तू माझ्याकडूनच उचललास. शब्द उचललास, बाकीचं वर्गातच ठेवून आलास.

मला सांग, कोणत्या फर्मचा पॅन शोधत होतास? नाचण्याचा तो वायरिंगचं काम करणारा मुलगा एकटा मालक आहे. भागीदार नाही, कंपनी नाही, भागीदारीचा करारनामा नाही. दुकानाच्या पाटीवर ‘असोसिएट्स’ असं लिहिलंय, कारण पाटीवर ते भारदस्त दिसतं. त्या पाटीला पॅन नसतो. कधीच नव्हता, आणि तू वर्षभर मागत बसलास तरी मिळणार नाही. एकल मालकीच्या धंद्यात मालकाचा पॅन तोच धंद्याचा पॅन. पेटीवर कसलंही लेबल चिकटवलंस तरी आतला आंबा ज्या कलमाचा त्याच कलमाचा राहतो, हे मिरजोळ्याच्या एमआयडीसीत फळप्रक्रियेच्या कंपनीत हिशेब लिहिणाऱ्याला मी सांगायला हवं?

हो, माहीत आहे मला, आता तू काय म्हणणार ते. ‘बाई, तुम्हीच शिकवलंत की व्यवसाय वेगळा आणि मालक वेगळा.’ शिकवलं. अकरावीच्या पुस्तपालनात पहिल्याच महिन्यात शिकवलं. मालकाने घरखर्चाला पैसे नेले तर उचल खात्याला लिही, त्याने पैसे आणले तर भांडवल खात्याला लिही, दुकानाचा हिशेब आणि घराचा हिशेब यांची सरमिसळ करू नकोस. ते वहीपुरतं आहे. नफा खरा किती झाला ते कळावं म्हणून केलेली ती सोय आहे. आयकराच्या कायद्याला तुझी ही सोय मान्य नाही. कायद्याच्या लेखी कंपनी वेगळी व्यक्ती, भागीदारी संस्था वेगळी, हिंदू अविभक्त कुटुंब वेगळं. एकट्याचं दुकान मात्र वेगळं कोणी नाही. तो माणूसच विवरणपत्र भरतो, त्यात दुकानाचा नफा दाखवतो, आणि कर त्याच्या नावाने जातो. वहीतला नियम कायद्यात नेऊन घातलास आणि दुसऱ्याच्या खिशात हात गेला.

आता ते बिल इकडे दे. गेल्या नोव्हेंबरचं. शीतगृहाच्या वायरिंगचे १,८०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३२,४००, एकूण २,१२,४००. तू कापलेस ४२,४८०. म्हणजे जीएसटीवरसुद्धा कापलेस! बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर तो सोडून उरलेल्या रकमेवर कपात करायची, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या २३ व्या परिपत्रकात सांगून ठेवलंय. कंत्राटी काम, कलम १९४-सी, समोरचा एकटा माणूस, म्हणून दर १ टक्का. १,८०,००० चा १ टक्का किती? तोंडी सांग. १,८००. आणि तू कापलेस बेचाळीस हजार चारशे ऐंशी. त्या मुलाकडे दोन हेल्पर आहेत. तांब्याची वायर त्याने उधारीवर आणलेली होती.

थांब, अजून संपलं नाही. याच बिलाच्या डोक्यावर त्याचा जीएसटी क्रमांक छापलाय. वाच. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. त्यापुढची दहा अक्षरं मोज. तो पॅन आहे! प्रत्येक जीएसटी क्रमांकाच्या पोटात पॅन असतो, तिसऱ्या अक्षरापासून बाराव्या अक्षरापर्यंत. ‘पॅन मिळाला नाही’ असं तू ज्या कागदाच्या पाठीवर लिहिलंस त्याच कागदाच्या तोंडावर पॅन छापलेला होता. आता त्यातलं चौथं अक्षर बघ. ‘पी’. पी म्हणजे व्यक्ती. तिथे ‘सी’ असतं तर कंपनी, ‘एफ’ असतं तर भागीदारी संस्था, ‘एच’ असतं तर अविभक्त कुटुंब, ‘टी’ असतं तर न्यास. आणि पाचवं अक्षर त्याच्या आडनावाचं आद्याक्षर. तुझ्या समोरचा कोण आहे, हे त्या दहा अक्षरांत लिहिलेलं असतं. तू मात्र पाटी वाचून दर ठरवतोस. ‘असोसिएट्स’ दिसलं की २ टक्के, ‘एंटरप्रायझेस’ दिसलं की २ टक्के, काहीच कळलं नाही की २० टक्के. चौथं अक्षर पी किंवा एच असेल तर १ टक्का, बाकी सगळ्यांना २. पाटीवर ‘इंडस्ट्रीज’ लिहिलेलं असो नाहीतर ‘इंटरनॅशनल’.

आणि सगळ्यात वाईट काय केलंस ते तुला अजून कळलेलंच नाही. तिमाहीच्या विवरणात, सव्वीस-क्यूमध्ये, तू त्याच्या नावापुढे पॅन उपलब्ध नसल्याचा संकेत टाकलास. म्हणजे पैसे सरकारात गेले, पण कोणाच्या नावावर? कोणाच्याच नाही. त्याच्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या सव्वीस-एएसमध्ये ते दिसत नाहीत. त्याला परतावा मागता येत नाही, कारण त्याच्या बाजूने काही कापलंच गेलेलं नाही. सोळा-ए प्रमाणपत्र १५ फेब्रुवारीपर्यंत त्याच्या हातात पडायला हवं होतं. तो मार्चमध्ये तुझ्याकडे येऊन गेला तेव्हा त्याला म्हणालास, ‘तुमच्या सीएला विचारा.’ त्याने मला विचारलं. तोही माझाच विद्यार्थी आहे, तुझ्यापेक्षा चार वर्षं मागे, आणि गणितात तुझ्याहून कच्चा. पण त्याने निदान विचारलं.

तू म्हणतोस, जास्त कापलं तर बिघडलं काय, सरकारचं नुकसान तर नाही. शिंच्या, तुला सरकारने नेमलंय का? जास्त कापणं ही सावधगिरी नव्हे, तो आळस आहे, आणि त्याचं व्याज दुसरा भरतो. मोठ्या पुरवठादाराचा वकील दुसऱ्या दिवशी पत्र धाडतो. म्हणून तिथे तू बरोबर कापतोस. एकट्या माणसाच्या बाबतीत मात्र तुला पॅनची एक प्रत मागायला जड जातं.

आता उलटी बाजू. हा कोण, कामगारांच्या जेवणाचा? कुवारबावचा. आणि हा दुसरा, कामगारांना आणणाऱ्या गाडीचा? पत्ता बघ. तोच. मोबाइल क्रमांक बघ. तोच. केटरिंग एका नावाने, गाडी दुसऱ्या नावाने, टॅलीत दोन लेजर, दोघांच्या पुढे ‘मर्यादेखाली, कपात नाही’. जेवणाचे वर्षाचे ७०,०००, गाडीचे ६०,०००. एकही बिल ३०,००० च्या वर नाही, म्हणून तू सुटलास असं तुला वाटतंय. मर्यादा दोन आहेत: एका बिलाला ३०,०००, आणि वर्षभरात एकूण १,००,०००. आणि ही वर्षाची मर्यादा लेजरला नसते, माणसाला असते. दोन्ही धंद्यांचा पॅन एकच. केटरिंगही १९४-सी, माणसांची ने-आणही १९४-सी. सत्तर आणि साठ किती? मग १,३०,००० वर कपात हवी होती. लाखाच्या वरच्या तीसवर नव्हे, सगळ्या १,३०,००० वर. १,३०० रुपये.

तेराशे रुपयांसाठी बाई एवढं का ओरडतायत, असं तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. ऐक मग. कपात केली नाहीस, तर कंपनीच्या खर्चातला ३० टक्के भाग नामंजूर होतो. १,३०,००० तले ३९,००० खर्चातून उडाले, आणि त्यावर कर कंपनीने भरायचा. शिवाय कपात करायला हवी होती त्या दिवसापासून महिन्याला १ टक्का व्याज. त्याने स्वतःचं विवरणपत्र भरून त्यात हे उत्पन्न दाखवलं असेल आणि कर भरला असेल, तर सीएकडून सव्वीस-ए नमुन्यात दाखला घेऊन कंपनीला वाचवता येतं. पण त्यासाठी तुला त्याच्याच दारात जाऊन उभं राहावं लागेल, आणि व्याज काही चुकत नाही.

काहीजण मुद्दाम दोन नावांनी बिलं फाडतात, तेही मला ठाऊक आहे. हा तसा नाही. केटरिंग आधीपासून त्याच्या वडिलांच्या नावाच्या पाटीवर चालतं, गाडी त्याने नंतर घेतली. त्याच्यावर डोळे वटारू नकोस. बिलं एकाच्या नावाखाली एकत्र बघायचं काम तुझं होतं, त्याचं नव्हे. व्हेंडर मास्टरमध्ये नाव पाटीचं न लिहिता पॅनवरचं लिही, आणि पाटीचं नाव दुसऱ्या ओळीत. अमेरिकेत तरी वेगळं काय करतात? तुझी बहीण न्यू जर्सीत असते ना, तिला विचार. तिथे डब्ल्यू-नाइन नावाचा फॉर्म भरून घेतात. एकट्या मालकाने पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहायचं, दुकानाचं नाव दुसऱ्या ओळीत. क्रमांक दिला नाही तर २४ टक्के कापून घेतात. सातासमुद्रापलीकडच्या हिशेबनिसाला कळतं ते तुला मारुती मंदिरापासून दोन मैलांवर बसून कळू नये?

खोकेवाल्याचं काय करून ठेवलंयस? पल्पच्या डब्यांसाठी झाडगावहून पुठ्ठ्याचे खोके येतात, त्याच्याकडूनही २ टक्के कापलेस. का? खोक्यांवर तुमचं नाव छापतो म्हणून? पुठ्ठा त्याचा, शाई त्याची, यंत्र त्याचं. तुम्ही तयार माल विकत घेतला. मालाच्या खरेदीवर १९४-सी लागत नाही, मग माल तुमच्या मापाने बनवलेला का असेना. तुम्ही फळ्या देता आणि तो पेट्या ठोकून देतो, तेव्हा ते मजुरीचं काम होतं आणि तिथे १ टक्का येतो. कच्चा माल कोणाचा, एवढंच बघायचं. खरेदीसाठी १९४-क्यू आहे. पण त्याला तुमची आदल्या वर्षीची उलाढाल १० कोटींच्या वर लागते आणि त्या एकाकडून वर्षाला ५० लाखांच्या वर खरेदी लागते. तेवढे खोके घेण्याइतका आंबा तुमच्याकडे आला की मला कळव, मी पेढे वाटीन.

ट्रकवाल्याकडून तू पंधरा-जी मागितलास. पंधरा-जी! तो बँकेच्या व्याजासाठी असतो, भाड्याला चालतो, कंत्राटाला चालत नाही. वाशीला आंबा नेणाऱ्या त्या बिचाऱ्याने बँकेत जाऊन फॉर्म आणलादेखील. वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या त्याच्या मालकीच्या नसतील, तर त्याने तसं लेखी द्यायचं, सोबत पॅन द्यायचा, की कपात शून्य. तीन ट्रक आहेत त्याचे. एका कागदाचं काम. आणि कपात शून्य असली तरी विवरणात त्याची नोंद करायची असते, ती तू गाळलीस.

सल्लागार, वास्तुविशारद, सीए यांचं तू बरोबर केलंयस. व्यावसायिक फी, कलम १९४-जे, १० टक्के, मर्यादा गेल्या १ एप्रिल २०२५ पासून ५०,०००. तिथे कोट-टाय असतो म्हणून लक्ष दिलंस, दुसरं काय.

मुकादमाचं मात्र गंभीर आहे. त्याचा पॅन घेतलास, चौथं अक्षर बघितलंस, १ टक्का कापलास, मला बरं वाटलं. पण तो पॅन चालू आहे का, ते पोर्टलवर बघितलंस? आधार जोडलेला नाही. ज्यांनी आधार जोडला नाही त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले, आणि निष्क्रिय पॅन म्हणजे कपातीपुरता पॅन नसल्यासारखाच. सवलत आहे, पण पैसे दिले तो महिना संपल्यापासून दोन महिन्यांत पॅन पुन्हा चालू झाला तरच. तुझा व्यवहार या फेब्रुवारीतला, म्हणजे मुदत ३० एप्रिल. २,००,००० वर २,००० कापलेस; ती मुदत चुकली तर कापायला हवे होते ४०,०००. विवरण ३१ मेपर्यंत जाईल, आणि ते गेल्यावर आयकर खात्याचं ट्रेसेस पोर्टल उरलेले ३८,००० व्याजासकट कंपनीकडे मागेल. शेठ तुझ्याकडे मागतील. तू मुकादमाकडे मागशील. तो मजुरांकडे बघेल. मला हे इथे पुढे बोलवत नाही. १,००० रुपये शुल्क भरून आधार जोडता येतं, आणि हे त्याला हंगामाआधी सांगणारा एकच माणूस होता. आज संध्याकाळी त्याला घेऊन बस, मोबाइलवर कोड येईल तो त्याच्याकडून विचारून घे, आणि जोडून होईपर्यंत पुढचं बिल काढू नकोस.

तारखांचंही तेच. ५ मेला कापलेले पैसे ७ जूनपर्यंत भरायचे होते, तू १० जूनला भरलेस. ‘तीनच दिवस, बाई.’ तीन दिवस नव्हेत. व्याज मुदत संपल्यापासून मोजत नाहीत, कापल्या दिवसापासून मोजतात, महिन्याला दीड टक्का, आणि अर्धवट महिना पुरा धरतात. ५ मे ते १० जून म्हणजे दोन महिने, ३ टक्के. विवरण उशिरा गेलं तर दिवसाला २०० रुपये वेगळे, कपातीच्या रकमेइतके होईपर्यंत. आणि कपात करायची ती बिल जमा करताना किंवा पैसे देताना, जे आधी होईल तेव्हा. अॅडव्हान्स दिलास तर अॅडव्हान्सवर. तू मात्र शेवटचा चेक फाडेपर्यंत थांबतोस, का, तर ‘हिशेब पुरा होऊ दे’. तुझा हिशेब कधी पुरा झालाय?

या १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आला, हे तरी वाचलंस का? १९४-सी, १९४-जे ही सगळी पोटकलमं आता ३९३ व्या कलमात तक्त्यात बसवली आहेत. दर तेच, एकट्याला १ आणि इतरांना २ तेच. नवीन क्रमांक आला म्हणून ‘आम्हाला कळलंच नाही’ ही सबब मी ऐकून घेणार नाही. आणि गेल्या वर्षीची घाण जुन्याच कायद्याने काढायची आहे.

तर असं कर. मार्चमधली कपात ३० एप्रिलच्या आत भरायची, ती आधी. केटररच्या १,३०० रुपयांचं चलन व्याजासकट काढ, ते त्याच्याकडून मागून घे किंवा शेठना भरायला सांग, पण उगाच त्याच्या पुढच्या बिलातून गुपचूप वळतं करू नकोस. ट्रकवाल्याचं पत्र घे. खोकेवाल्याची कपात त्याच्या खऱ्या पॅनवर गेली आहे की नाही ते बघ, म्हणजे त्याला निदान परतावा तरी मागता येईल. सगळ्या पुरवठादारांचे पॅन पोर्टलवर एकेक करून तपास, पाट्यांवरून नको. आणि डिसेंबर तिमाहीचं दुरुस्ती विवरण आधी त्या नाचण्याच्या मुलासाठी टाक: संकेत काढ, पॅन घाल. त्याच्या नावावर रक्कम दिसायला लागली की सोळा-ए घेऊन त्याच्या दुकानात तू स्वतः जा. शिपायाला पाठवू नकोस. त्याला सांग की ४०,६८० जास्त कापलेले आहेत, विवरणपत्रात मागून घे, आणि चूक कोणाची होती तेही सांग. शेठना मी काही बोलणार नाही, ते तू बोलशील.

दुरुस्ती विवरणाची पावती शनिवारी दुपारपर्यंत मला दाखवायची. फोनवर फोटो नको. कागद घेऊन ये.